अर्धी ओळ त्याची, अर्धी तिची

टांगा इथवरच येतो. उतरा, आणि पाय जपून टाका. वाटेवर भाताचा पेंढा सांडलाय, दिवसभराच्या उन्हाने तो गुळगुळीत झालाय, घसराल. नालासोपारा स्टेशनापासून इथे येईपर्यंत तुमचा सदरा पाठीला चिकटला असेल. साल १९५४, महिना ऑक्टोबर. पाऊस गेलाय, थंडी यायची आहे, आणि या दोघांच्या मधल्या दिवसांत वसईच्या वाड्यांमध्ये जी दमट धग असते ती तुमच्या मानेवर येऊन बसली आहे. बसू दे. ती रात्री उशिरापर्यंत उठायची नाही.

पुढची वाट पायी. दोन्ही बाजूंना केळी, केळींच्या मागे पानवेली, आणि मधून एका वेळी एकच माणूस जाईल एवढी पायवाट. निर्मळ मागे राहिलं, नंदाखालच्या चर्चचा मनोरा अजून दिसत नाही. रस्ता विचारायला कुणी भेटलं नाही तर नाकाच्या भरवशावर चला. आधी ओल्या मातीचा वास येईल, मग बावखलातल्या शेवाळाचा, मग गोठ्याचा, आणि शेवटी चुलीवर रटरटणाऱ्या सुक्या बोंबलांचा. बोंबलांचा वास आला की घर आलं.

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. समुद्र इतका जवळ असून हे पाणी खारं नसतं, आणि त्यावरच या वाड्या हिरव्या आहेत. काठाला रहाट चालू आहे. डोळ्यांना झापड लावलेला रेडा गोल गोल फिरतोय, लाकडी चाक कण्हत फिरतंय, आणि माळेत ओवलेली मातीची मडकी एकामागून एक रिकामी खाली जातात, भरून वर येतात, पन्हळीत ओतून पुन्हा खाली जातात. इथे क्षणभर थांबाच. पुढे पंप येतील आणि हा आवाज गप्प होईल. आणि ती मडक्यांची माळ नीट बघून ठेवा. अर्ध्या तासात तुम्हाला घरात दुसरी एक माळ अशीच फिरताना दिसणार आहे.

रेड्याच्या मागे जो माणूस आहे तो या घराचा धनी. पहाटे तीनला उठून त्याने म्हशी पिळल्या, दुधाच्या बरण्या स्टेशनात पोचवल्या, दुपारी भात कापला, आणि आता वाडीला पाणी देतोय. बंडी घामाने काळवंडली आहे. तो तुमच्याकडे पाहून हसतो, "या" म्हणतो, पण आज त्याचं हसू ओठांपर्यंतच येतं. का ते कळेल.

तेवढ्यात घंटा होते. तीन ठोके, थोडी शांतता. पुन्हा तीन, शांतता. पुन्हा तीन. मग सलग नऊ. केळीच्या पानांवरून तो आवाज घरंगळत येतो असं वाटतं. माणूस रेड्याला थोपवतो, डोक्यावरची टोपी काढतो आणि एक हात जनावराच्या मानेवर तसाच ठेवून उभा राहतो. रहाट थांबलाय. पलीकडच्या वाडीतला थांबलाय, त्याच्या पलीकडचाही. इतका वेळ तुमच्या कानांना त्या करकरीची सवय झाली होती हे आता ती थांबल्यावर कळतं. तुम्हीही थांबा. गॅब्रिएल दूताने मरियेला दिलेल्या निरोपाची ही तिन्हीसांजेची आठवण आहे, आणि ती होईपर्यंत इथे कुणी पाऊल उचलत नाही. वाकून भात बांधणारी बाई तशीच कमरेवर हात ठेवून सरळ होते. डास मात्र थांबत नाहीत. मानेवर बसतील, हलू नका.

चला आता, घरात. चपला ओट्याखाली काढा. डोकं वाकवा, दाराची चौकट बुटकी आहे.

आत आधी काहीच दिसणार नाही, सगळं ऐकूच येईल. कुठल्यातरी कोपऱ्यात उखळ सरकवल्याचा आवाज, पोराचं रडणं, चुलीत फुटणारं ओलं लाकूड, छपरावर खारीची पळापळ. मग डोळे सरावतात. रॉकेलची चिमणी लावली आहे, तिची काजळी वरच्या वाशावर जमली आहे. जमीन आजच सारवलेली, अजून थोडी दमट, तिच्यावर बोटांच्या कमानी उमटल्या आहेत. त्या कमानी लक्षात ठेवा. तासाभराने त्या तुमच्या गुडघ्यांवर असतील.

चुलीपाशी लाल लुगड्यातली जी बाई बसली आहे ती या घराची मालकीण. तिने तुम्हाला पाणी दिलं, तुमच्या घरच्यांची विचारपूस केली, पण धनी पाय धुऊन आत आला तेव्हा तिने मान वर केली नाही. तो म्हणाला, "पाव्हणे आलेत." तिने उकळत्या भातातला डाव आणखी जोराने फिरवला. सकाळपासून हे असं चाललंय. कोपऱ्यात बसलेली आजी तुमच्या कानाशी लागून कारण सांगते, आणि कुजबुजायचं म्हणून जो आवाज काढते तो अख्ख्या घराला ऐकू जातो. पुढच्या पावसाळ्याआधी कौलं बदलायला बाईने डब्यात चाळीस रुपये साठवले होते. अंडी विकून, सुकेळी विकून, एकेक रुपया करून. धन्याने ते न विचारता धाकट्या भावाला दिले. भावाची नड खरी होती, त्याबद्दल बाईचं काही म्हणणं नाही. न विचारता, हे तिचं दुखणं.

या घरात बोलणं कादोडीत चालतं. सामवेदी ख्रिस्ती कुपाऱ्यांची ही बोली. लाड तिच्यात, बाजार तिच्यात, भांडण तिच्यात. पण आज नवरा-बायकोत कादोडीचा एक शब्द झालेला नाही.

"जेवायला कधी?" धाकटा पोरगा विचारतो.

"रोझरी झाल्यावर," आजी म्हणते, आणि विषय संपतो.

या उत्तरावर अपील नाही. भुकेने पोटात कावळे कोकलोत, पाहुणा कितीही लांबून आलेला असो, रोझरी, म्हणजे माळेवर म्हणायची प्रार्थना, झाल्याशिवाय ताट मांडलं जात नाही. त्यातून ऑक्टोबर हा रोझरीचाच महिना. पोप तेरावे लिओ यांनी १८८३ साली तसं ठरवून दिलं. आणि यंदा तर पोप बारावे पायस यांनी मरियावर्ष जाहीर केलंय, ८ डिसेंबरपर्यंत. म्हणजे चुकवायचा प्रश्नच नाही. बाई चुलीतली लाकडं मागे ओढते, भातावर झाकण ठेवते, हात पदराला पुसते आणि तोच पदर डोक्यावर घेते. धनी टोपी खुंटीला अडकवतो.

आता समोरच्या भिंतीकडे पाहा. कमरेच्या वर, छातीच्या खाली अशा उंचीवर एक लाकडी फळी आहे. हाच घरातला आल्तार. फळीवर हस्तिदंती रंगाचा, नाकावरचा रंग उडालेला मरियामातेचा पुतळा. मागे क्रूस. वर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिची काच एका कोपऱ्यात तडकलेली. तसबिरीमागे खोचलेलं ते वाळकं पान झावळ्यांच्या रविवारचं, एप्रिलपासून तिथेच आहे, पुढच्या वर्षीच्या राखेच्या बुधवारापर्यंत तिथेच राहील. एका बाटलीत आशीर्वाद दिलेलं पाणी. पितळी पेल्यात झेंडूची चार फुलं. चांगली फुलं दादरच्या बाजारात गेली, ही देठ मोडलेली घरी राहिली. धनी मेणबत्ती पेटवतो, आणि रॉकेलच्या वासात मेणाचा वास मिसळतो. आजही कुठे असा वास आला की वसईच्या माणसाला आपली आजी आठवते.

"गुडघे टेक बाबा," आजी तुम्हाला म्हणते. पाहुण्यांना सूट नाही.

टेका. दमट सारवणाचा गारवा आधी बरा वाटेल. तुमच्या डावीकडे धाकटा, उजवीकडे आजी, पुढे दोन पोरी. आणि सगळ्यांत पुढे, फळीच्या अगदी खाली, ती दोघं. तिचा खांदा आणि त्याचा खांदा यांच्यात हातभर अंतर. दिवसभरात या दोघांना तुम्ही असं शेजारी शेजारी कुठेच पाहिलं नसतं. वाटेने जाताना तो पुढे, ती चार पावलं मागे. पंगतीत तो आधी, ती शेवटी. चर्चमध्ये पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. चारचौघांत ती त्याचं नाव घेत नाही, तोही तिचं घेत नाही. अशा या गावात रोज संध्याकाळी पाऊण तास नवरा आणि बायको एका जमिनीवर, एका उंचीवर, एका दिशेला तोंड करून बसतात. समता वगैरे शब्द इथे कुणी उच्चारत नाही. गुडघ्यावर आलं की दोघं सारखीच उंच दिसतात, एवढंच.

क्रूसाची खूण झाली. विश्वासाची प्रार्थना झाली. आता धन्याच्या हातातली माळ जरा जवळून बघा. लाकडी मणी, वापरून काळे झालेले आणि चिंचोक्यासारखे चकचकीत. पूर्ण माळेत ५९ मणी असतात: ५३ लहान, ते 'नमो मरिया'चे, ६ मोठे, ते येशूने शिकवलेल्या प्रार्थनेचे. या माळेत मात्र ५८च आहेत. कधीतरी गोठ्यात तार तुटली आणि पहिल्या दशकातला, म्हणजे दहा मण्यांच्या पहिल्या गटातला, एक मणी म्हशीच्या पायाखाली हरवला. तिथे आता काळ्या दोऱ्याची गाठ आहे. गाठीवर बोट आलं की तो एक 'नमो मरिया' म्हणतो. पण दमलेल्या दिवशी बोट गाठीवरून निसटतं आणि दशकात नऊच होतात. तेव्हा ती हलकेच खाकरते. बारा वर्षांच्या संसारात तिने हे कधी बोलून दाखवलेलं नाही. फक्त खाकरते, आणि तो दहावा म्हणतो.

आता सुरू होईल ते कान देऊन ऐका, कारण ज्यासाठी तुम्हाला एवढ्या लांब आणलं ते हेच.

तो सुरुवात करतो. स्वर्गातल्या बापाची प्रार्थना, तिचा पहिला अर्धा भाग: त्याचं नाव पवित्र मानलं जावो, त्याच्या इच्छेप्रमाणे होवो. आणि बरोबर मध्यावर तो थांबतो. पुढचं त्याने म्हणायचं नसतं. पुढचं दुसऱ्याने म्हणायचं, अशीच रीत आहे. घरात सगळे उत्तर देतात, पण उत्तराला आवाज लागतो तो तिचा; इतर सगळे तिच्या आवाजाला धरून चालतात. आणि तिच्या वाट्याला आलेला अर्धा भाग कोणता, ते आठवा. रोजची भाकर मागायची, आणि मग म्हणायचं की आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा करतो तशी आम्हाला कर.

क्षणभर काहीच ऐकू येत नाही. मेणबत्ती तडतडते. आजीचा श्वास ऐकू येतो. दोन्ही पोरी आईच्या पाठीकडे बघतायत. मग ती म्हणते. कोरड्या आवाजात, भरभर, क्षमेच्या शब्दावरून उडी मारून गेल्यासारखी. पण म्हणते. सकाळपासूनचा हा तिचा त्याला दिलेला पहिला प्रतिसाद, आणि तो कादोडीत नाही, मराठीत आहे. घरची भाषा कादोडी असली तरी प्रार्थना पुस्तकातल्या मराठीत होते, इथल्या सगळ्याच घरांत. मला तर वाटतं, आज त्यामुळेच तिला तोंड उघडता आलं. रागाचे सगळे शब्द कादोडीत होते. मराठीत तिने त्याच्याशी कधी भांडण केलेलं नाही.

मग 'नमो मरिया'. त्यातही तेच. पहिला भाग, दूताचा आणि एलिझाबेथचा, तो म्हणतो. दुसरा भाग, आम्हा पाप्यांसाठी आता आणि मरणाच्या वेळी विनंती कर हा, ती म्हणते. त्याचा आवाज खर्जात उतरून संपतो न संपतो तोच तिचा वर येतो. मडकं रिकामं खाली जातं, भरून वर येतं. रोझरी एकट्यालाही म्हणता येते, आजारी माणसं अंथरुणात म्हणतात, दूधवाले पहाटेच्या लोकलमध्ये दाराशी बसून म्हणतात. पण नवरा-बायको ती म्हणतात तेव्हा त्यातलं एकही वाक्य कुणा एकाचं राहत नाही. त्याने सुरू केलेलं तिने पुरं केलं तरच माळ पुढचा मणी ओलांडते. संध्याकाळभरात त्रेपन्न वेळा. माझ्या मते प्रार्थनेचं इतकं नीट, इतकं कष्टाच्या माणसांना झेपेल असं बांधलेलं रूप दुसरं नाही.

गुडघे दुखायला लागले ना? वजन एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे द्या. पोरंही तेच करतायत. मागे टाचांवर मात्र टेकू नका, आजीचं लक्ष आहे.

आता कान घराबाहेर न्या. शेजारच्या घरातूनही तीच प्रार्थना येतेय, अर्ध्या वाक्याने मागे. पलीकडच्या घरात लितानीपर्यंत, म्हणजे शेवटच्या नामावळीपर्यंत, पोचलेत, त्यांच्याकडे जेवण लवकर असतं. या वेळेला गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणी चालत गेलं तर त्याची एकही ओळ चुकणार नाही. एका दारातून सुटलेली पुढच्या दारात सापडेल. रविवारी चर्चमध्ये असं होत नाही. तिथे धर्मगुरू आल्ताराकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा म्हणतात, आणि बाकांवरची बाई ती लॅटिन ऐकत आपली माळ ओढत राहते. लॅटिन हटायला अजून दहा-अकरा वर्षं आहेत. तोवर देवाशी आपल्याला कळणाऱ्या भाषेत, आपल्या माणसाच्या शेजारी बसून बोलायची जागा एकच, ही फळी.

पहिलं दशक संपलं. प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग आठवायचा, त्याला रहस्य म्हणतात; आज सोमवार, म्हणून आनंदाची रहस्यं. पहिलं गॅब्रिएल दूताच्या निरोपाचं होतं. दुसरं, मरिया आपल्या वयस्क नातेवाईक एलिझाबेथला भेटायला डोंगराळ मुलखात जाते, ते. आणि इथे पाळी बदलते. दुसरं दशक घरातल्या बाईने चालवायचं. आता सुरुवात तिची. स्वर्गातल्या बापाला ती हाक मारते, मध्यावर येऊन थांबते, आणि क्षमेचा भाग धन्याच्या वाट्याला येतो.

त्याच्याकडे बघा. ओठ हलतात, आवाज निघत नाही. मग निघतो, आणि जिथे क्षमा मागायची तिथे तो इतका हळू होतो की पोरं पुढे निघून जातात आणि आजी त्यांना चापटी मारून मागे आणते. तो ते शब्द जमिनीकडे बघत म्हणतो. देवाला म्हणतो की तिला म्हणतो, हे तुम्हाला सांगता येणार नाही, मलाही नाही. ती पुढचा मणी धरते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पुष्कळ कॅथलिकांनाही ती धड ठाऊक नसते. बाप्तिस्मा धर्मगुरू देतो, मिस्सा धर्मगुरू अर्पण करतो. पण लॅटिन परंपरेच्या चर्चमध्ये लग्नाचा संस्कार धर्मगुरू देत नाही. तो साक्षीला उभा असतो. संस्कार नवरा बायकोला देतो आणि बायको नवऱ्याला. म्हणजे बारा वर्षांपूर्वी आल्तारापुढे या दोघांनी एकमेकांना जे दिलं, ते देणं रोज संध्याकाळी या फळीखाली चालू आहे. दहा वर्षांनी, १९६४ साली, व्हॅटिकन परिषद कुटुंबाला घरातलं चर्च म्हणेल. आणि इथे ही रोझरी चालली असताना तिकडे पॅरिसमध्ये आंरी काफारेल नावाचे एक धर्मगुरू १९३९ पासून तरुण जोडप्यांचे गट बांधतायत आणि सांगतायत की नवरा-बायकोने रोज एकत्र प्रार्थना करा, आणि अधूनमधून देवासमोर निवांत बसून एकमेकांशी मोकळं बोला. या घरात ते नाव पोचलेलं नाही. पण सांगितलेलं काम चालू आहे.

तिसरं दशक आजीचं. ती इतकी सावकाश म्हणते की बेथलेहेमच्या वाटेवर गाढवसुद्धा थकलं असेल. चौथं मोठीचं, ती शाळेतल्या कवितेसारखं एका सुरात म्हणते. पाचवं धाकट्याचं, आणि ते रहस्य आहे बारा वर्षांचा येशू हरवतो त्याचं. मरिया आणि जोसेफ तीन दिवस त्याला शोधत फिरतात. धाकट्याला यात हरवलेला मुलगा दिसतो, त्यामुळे त्याला फार मजा येते. मला मात्र नेहमी ती दोघं दिसतात, तीन दिवस, रस्त्याने, तुझ्याबरोबर असेल वाटलं, तुमच्याबरोबर असेल वाटलं.

मग मरियामातेची लितानी. प्रातःकाळचा तारा. हस्तिदंती मनोरा. सोन्याचं घर. एकेका नावाला सगळ्यांनी मिळून 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणायचं. डोळे पेंगुळलेल्या धाकट्याच्या मनात या वेळी खरोखर सोन्याची कौलं असलेलं घर उभं असतं, त्याला विचारलंत तर तो खिडक्या किती तेही सांगेल. कौलांचं नाव मात्र आज काढू नका.

आणि आता शेवटचा भाग, ज्याला कुठल्या पुस्तकात ठरलेले शब्द नाहीत. ज्याच्या मनात जे असेल ते बोलून दाखवायचं, त्यासाठी एक 'नमो मरिया' म्हणायचा. आजी मेलेल्यांची नावं घेते, ती बरीच आहेत. मोठी परीक्षेसाठी मागते. धाकटा म्हशीच्या पारड्यासाठी. बाई म्हणते, "दिराची नड भागू दे." एवढंच म्हणते. आजी मान वळवून तिच्याकडे बघते. चाळीस रुपये ज्याच्या घरी गेले त्याच्यासाठी.

मग धन्याची पाळी. तो बराच वेळ गप्प आहे. हातातली माळ त्याने मुठीत गोळा केली आहे.

"घरातल्या बाईची कंबर," तो म्हणतो. "पाणी भरताना दुखते. ती बरी होऊ दे."

तिची पाठ तुम्हाला दिसतेय. ती हलत नाही. कंबर दुखते हे तिने त्याला सांगितलेलं नाही, सासूला नाही, पोरींनाही नाही. पण तो बघत होता. रहाटावरून, गोठ्यातून, कळशी काखेत घेताना ती दात आवळते ते त्याने पाहिलं होतं. ही गोष्ट तो तिला ओट्यावर कधी सांगू शकला नसता, वाटेत तर मुळीच नाही. देवाला सांगितली, आणि ती शेजारीच बसली होती.

त्या एका 'नमो मरिया'ला उत्तर द्यायला तिला थोडा वेळ लागतो. कुणी घाई करत नाही.

संपलं. क्रूसाची खूण करा. उठताना हात टेकून उठा, पाय बधिर झाले असतील. पोरं एकेक करून आजीपुढे, मग बापापुढे, मग आईपुढे हात जोडतात, आशीर्वाद घेतात. तुम्हालाही जोडतील, त्यांच्या डोक्यावर हात ठेवा. गुडघे बघा आता. कमानी उमटल्यात ना?

ताटं मांडली जातात. जाडा लाल भात, वाफाळलेला, बोंबलांचं आंबट-तिखट कालवण, कच्च्या कांद्याची फोड. जिभेला चटका बसेल, खा. बाई धन्याच्या ताटात वाढते, दोन पावलं मागे सरते, आणि कादोडीत पहिलं वाक्य बोलते. त्याचा अर्थ असा की, मीठ कमी पडलं असेल आज.

तो घास खातो. म्हणतो, बरोबर आहे.

तुम्ही चाखलंत, तेव्हा तुम्हाला माहीत आहे की मीठ खरंच कमी आहे.

रात्री तुम्हाला ओट्यावर चटई देतील. समुद्रावरून आता वारा सुटलाय, केळीची पानं एकमेकांवर घासतायत. धग उतरली. झोप लागायच्या आत भिंतीपलीकडून दोन आवाज ऐकू येतील, अगदी हळू. पोरं झोपल्यावर ही दोघं अंथरुणावर बसून तीन 'नमो मरिया' म्हणतात, रोज. मेणबत्ती नाही, माळ नाही. कॅथलिक बायबलात तोबित नावाचं पुस्तक आहे, त्यात तोबिया आणि सारा लग्नाच्या पहिल्या रात्री अंथरुणावरून उठून आधी प्रार्थना करतात. या दोघांनी ते पुस्तक वाचलेलं नाही. तिसऱ्या 'नमो मरिया'नंतर थोडा वेळ शांतता असते, मग कादोडीतली कुजबुज सुरू होते. कौलं, भाऊ, चाळीस रुपये, असे शब्द कानावर पडतील. तिचा आवाज जास्त आहे, त्याचा कमी. ते तुमच्यासाठी नाही. कूस बदला आणि झोपा.

पहाटे तीनला म्हशी हंबरतील, तेव्हा परत निघा.

परत आल्यावर तुम्हाला तीच वाट सापडणं कठीण आहे. बावखलं कित्येक बुजली, रहाट गेले, केळीच्या वाड्यांवर इमारती आल्या. संध्याकाळच्या त्या वेळेला आता नवरा विरार लोकलमध्ये लोंबकळत असतो आणि बायको पुढच्या गाडीत. रोझरी आठावर गेली, मग नवावर गेली, काही घरांतून गेलीच. प्रकाशाची पाच रहस्यं २००२ साली नव्याने आली, ती पुष्कळांना पाठ नाहीत. हे सगळं खरं आहे, आणि ते मला लागतं.

पण वसईच्या गावांत ऑक्टोबरमध्ये अजूनही घराघरांतून रोझरी होते. पाव्हणा म्हणून कुणाकडे जा. चपला बाहेर काढा, मागच्या बाजूला गुडघे टेका, आणि पुढे बसलेल्या दोघांचे आवाज ऐका. घरी दोघंच असाल तर तुम्हीही करून पाहा. एकाने अर्धं म्हणायचं आणि थांबायचं. लितानी आणि मागणी सोडली तर रोझरीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आजी चालवत असेल तर थोडी जास्त.